निळ्या शाईच्या रेघा

रूथबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाला सडकून रागवत होत्या आणि त्याच वेळी त्याच्या उघड्या छातीवर अगदी हलक्या हाताने निळ्या शाईची रेघ ओढत होत्या. तोंड आणि हात एकाच बाईचे वाटत नव्हते.

"तंबाखू सोडली म्हणून शपथेवर सांगता, आन् सदऱ्याच्या खिशात पुडी?"

"ती मेव्हण्याची हाय, बाई."

"मग मेव्हण्यालाच आणून झोपवू का हितं? हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका."

रेघ पुरी झाली. मागे सरकून त्यांनी ती डोळे बारीक करून पाहिली, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळल्या. "तू नवीन आलेला कोळपे ना? चपला बाहेर काढ आणि हात धुऊन ये. गार हात कुणाच्या अंगाला लावायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

मी मांडवगण फराट्याचा. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. क्ष-किरण आणि किरणोपचार यांचं शिक्षण घेऊन दौंडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मला पहिली नोकरी लागली. तिथल्या किरणोपचार विभागात रूथ उजागरे या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो, पेशंटही बाईच म्हणत. कुणी डॉक्टरीणबाई म्हणालं की त्या लगेच सांगत, "मी डॉक्टर न्हाई. डॉक्टर ठरवतात. मी फक्त नेमकं तिथंच पडतंय का ते बघते."

त्या गेल्याचं मला महिन्याने कळलं. शिरूरला मिशनच्या जुन्या आवाराजवळ त्यांच्या भावाचं घर आहे, तिथे गेलो. भावाने चहा दिला. परत येताना ठरवलं, की आपल्याला जे आठवतंय ते लिहून ठेवावं. त्यांचं चरित्र मला माहीत नाही. लग्न केलं नव्हतं, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने शिरूरला जायच्या, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपेक्षा अर्धी ओळ पुढे गायच्या, आणि सोमवारी पहिल्या गाडीने दौंडला परत यायच्या, एवढंच. बाकी सगळी मी पाहिली ती कामातली बाई.

आमचं यंत्र कोबाल्टचं होतं. त्याच्या डोक्यात कोबाल्टचा एक लहानसा तुकडा असतो, त्यातून सतत किरण निघतात. झडप उघडली की ते पेशंटच्या अंगावर पडतात, मिटली की थांबतात. खोलीच्या भिंती हातभर जाड, दार शिशाचं. आत पेशंट एकटाच. आम्ही बाहेर काचेपाशी, इंटरकॉमवर. आमच्याकडचे लोक या उपचाराला 'शेक' म्हणत. "आबाला पस्तीस शेक सांगितल्यात," असं. किरण दिसत नाहीत, लागत नाहीत, आवाज नाही. त्यामुळे ते योग्य जागी पडताहेत की नाही हे पेशंटला कधीच कळत नाही. ते कळण्याचं एकच साधन, म्हणजे कातडीवरच्या रेघा. आधी फिल्म काढून डॉक्टर जागा ठरवत, त्या जागेची चौकट आम्ही निळ्या शाईने अंगावर काढत असू, आणि मग रोज यंत्रातल्या उजेडाची चौकट त्या रेघांवर नेमकी बसवत असू. सहा-सात आठवडे त्या रेघा टिकवायच्या. साबण नाही, तेल नाही, घासणं नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला त्या यंत्राखाली झोपायला सांगितलं. झडप बंदच होती, पण त्या बाहेर गेल्या आणि शिशाचं दार लागलं. दोन मिनिटं मी छताकडे बघत पडलो. दार उघडल्यावर त्यांनी विचारलं, "काय वाटलं?"

"काही नाही, बाई."

"खरं सांग."

"भीती वाटली."

"किती?"

"लहानपणी विहिरीत उतरलो होतो, तेवढी."

"हां. आता तुला काम शिकवता येईल."

तेव्हापासून दार लावताना त्या प्रत्येकाशी इंटरकॉमवर काय बोलतात ते मी ऐकत गेलो. ज्याला जे येतं ते त्या त्याला मोजायला लावत. भाजीवाल्याला मेथीच्या जुड्या, शिक्षकाला पाढे. आमच्याच समाजाचे एक म्हातारे बापू होते, ते मेंढरं मोजायचे, प्रत्येकाचा रंग आणि खोड सांगत. "काळ्या कानाची... लंगडी... तिची पिल्ली..." दोन वर्षांनी दुसऱ्या जागी गाठ आली म्हणून ते पुन्हा आले. पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "बाई, मागच्या टायमाला साठ मेंढरं झाली की बंद व्हायचं. आज कळप संपला तरी मशीन चालूच."

बाई हसल्या. कोबाल्ट जुना होत जातो तसा त्याचा जोर कमी होतो, म्हणून वेळ वाढवावा लागतो. त्यांनी ते बापूंना नीट समजावून सांगितलं.

"म्हंजी मशीन बी म्हातारं झालं."

"व्हय बापू. पण काम सोडलं न्हाई त्यानं."

"मग शेजारच्याची मेंढरं मोजतो उद्यापासून," बापू म्हणाले. त्यांच्या शेवटच्या चार शेकांना ते आलेच नाहीत. बापू गेल्याचं मुलाने फोनवर कळवलं.

बाईंच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. पेशंटकडून साडी, नारळ, मिठाईचा बॉक्स काही घ्यायच्या नाहीत. "नासणारं असंल तर घेईन," म्हणायच्या. त्यामुळे त्यांच्या टेबलाखाली कायम पालक, वांगी, उसाची कांडकी असत. कुणी देवमाणूस म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. शेक घेतलेल्या माणसापासून लेकरांना लागण होते असा समज गावोगाव होता. एका सुनेने सासऱ्याचं ताट वेगळं केल्याचं बाईंना कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या, त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि सुनेसमोर सावकाश खाल्ली. भाकरी संपल्यावर म्हणाल्या, "मीठ कमी हाय." दुसऱ्या दिवसापासून डबा एकच यायला लागला.

खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. आमच्याकडे माणसाला त्याचा आजार सांगत नाहीत. एकदा एका मुलाने त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आबांना निस्ती गाठ हाय म्हणून सांगितलंय. तुमी कॅन्सर म्हणू नका."

"मी आपण होऊन म्हणणार न्हाई. पण आबांनी विचारलं तर मी खोटं सांगत नसते. तवा तुमीच आधी सांगा."

मुलगा बाहेरच्या बाकावर वडिलांच्या शेजारी बसला. मग त्याचं रडणं ऐकू आलं आणि आबांचा आवाज. "मला ठाऊक हाय रं. भिंतीवर पाटी हाय एवढी मोठी. तुला वाईट वाटंल म्हणून गप बसलो हुतो."

या नियमाचं मला तेव्हा फार कौतुक होतं. तो कुणाच्या अंगावर जाऊ शकतो, हे मला पोपटराव ढोमेंच्या वेळी कळलं.

पोपटराव तळेगाव ढमढेऱ्याचे. पन्नाशीचे, भाजीपाला करणारे, अंगाने आधीच बारीक. अन्ननलिकेचा कॅन्सर. पाणीसुद्धा घोट घोट उतरत होतं. डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून तीनदा येत, त्यांनी तीस शेक ठरवले. आशा होती. बरं होण्याची थोडी, घास उतरण्याची बरीच. पोपटराव बायकोसह आठवडाभर रुग्णालयाच्या धर्मशाळेत राहायचे आणि शनिवार-रविवार गावी जायचे. बायको लताबाई. बोलणं कमी, लक्ष सगळीकडे. नवऱ्याचा सदरा घड्या घालून मांडीवर घेऊन बाहेर बसलेल्या असायच्या.

पहिल्या दिवशी रेघा काढून झाल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे लताबाईंना आत बोलावून दम दिला. हा दम त्या प्रत्येक घरातल्या बाईला देत, कारण आंघोळ घालणारी तीच असते. "या रेघा पुसल्या तर शेक बंद. झालेले सगळे वाया. कळलं का?"

यातलं दुसरं वाक्य खरं नव्हतं. रेघा पुसल्या तर आम्ही फिल्म काढून पुन्हा काढू शकत होतो, अर्धा दिवस जायचा इतकंच. पण नुसतं जपा म्हटलं की लोक जपत नाहीत, असा बाईंचा अनुभव होता. इतक्या वर्षांत तेवढं एकच खोटं त्या सर्रास बोलत आणि त्याला खोटं मानत नसत.

पोपटरावांच्या मुलीचं, कोमलचं लग्न ठरलेलं होतं. वडिलांच्या देखत व्हावं म्हणून ते अलीकडे ओढलं आणि शेकाच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच्या रविवारी धरलं. शनिवारी घरी हळद. आमच्या भागात मुलीबरोबर आईबापांनाही हळद लावतात आणि न्हाऊ घालतात. भावकीतल्या बायकांनी पोपटरावांना पाटावर बसवलं. लताबाई दुसऱ्या पाटावर, त्यांना उठता येईना. बायका गाणी म्हणत होत्या, पोपटराव हसत होते. त्यांच्या पुतण्याच्या बायकोने गरम पाण्याचे तांबे छातीवर ओतले आणि लेकीच्या बापाला स्वच्छ करायचं म्हणून पदराने खसखसून पुसलं.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. सोमवारी पोपटराव आले तेव्हा त्यांच्या छातीवर रेघा होत्या. नेहमीपेक्षा ठळक होत्या.

त्या सोमवारी गर्दी फार होती. शुक्रवारी यंत्र बंद पडलं होतं, त्यामुळे दोन दिवसांची माणसं बाकांवर. बाईंची रोजची एक पद्धत होती, जी नियमात नव्हती. नियमाप्रमाणे आठवड्यातून एकदा फिल्म काढून तपासायचं. बाई मात्र रोज, गळ्याखालच्या हाडाच्या खाचेपासून वरच्या रेघेपर्यंत पट्टीने मोजत आणि मी कागदावरचा आकडा वाचत असे. "कातडीवर विश्वास ठेवू नये," म्हणायच्या, "ती सरकते. हाड सरकत नाही." त्या दिवशी पोपटराव बुंदीचा डबा घेऊन आले होते. स्वतःला खाता येत नव्हती, पण वाटत होते. बाईंनी तोंडात बुंदी टाकली, लग्नाची चौकशी केली, रेघा बघून म्हणाल्या, "लताबाईंनी छान जपल्यात." आणि पट्टी खिशातच राहिली. मीही आठवण केली नाही. तसंच मंगळवारी आणि बुधवारी.

गुरुवारी आठवड्याची फिल्म. ती उजेडावर लावून बाई मणके मोजत होत्या. एकदा मोजले, पुन्हा मोजले. मग मला म्हणाल्या, "कोळपे, तू मोज. मी काय मोजलं ते सांगणार नाही."

मी मोजले. चौकट एक मणका वर होती. म्हणजे जवळजवळ दोन सेंटीमीटर. गाठीचं खालचं टोक तीन दिवस उपचाराबाहेर राहिलं होतं आणि वरच्या चांगल्या भागाला शेक बसला होता.

बाईंनी लताबाईंना आत बोलावलं. पोपटराव टेबलावरच पडून होते. बाईंचा आवाज नेहमीचा, रागवण्याचा नव्हता.

"लताबाई, या रेघा कुणी काढल्या?"

"तुमीच की."

"या माझ्या हाताच्या न्हाईत."

लताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हळदीत गेल्या. तुमी म्हणाला हुता समदं वाया जाईल. तवा आहेराच्या पाकिटावर नावं घालायला निळा मार्कर आणला हुता, त्येनं मीच वडल्या. मला पाठ हुत्या, बाई. रोज बघत हुते. इकडं तिळाएवढा मस हाय, त्येच्या खाली दोन बोटं."

"बसवून काढल्या का झोपवून?"

"बसवून. पावण्यात झोपवू कुठं?"

बसलेल्या माणसाची कातडी खाली ओघळते. तशा ताणलेल्या कातडीवर मोजलेली दोन बोटं झोपल्यावर आखडतात आणि रेघा वर सरकतात. पोपटरावांचं वजन घटून कातडी सैल झालेली. लताबाईंनी अतिशय काळजीने, अगदी आठवणीबरहुकूम रेघा काढल्या होत्या आणि त्या चुकल्या होत्या.

पोपटराव म्हणाले, "तिला काई बोलू नका, बाई. लेकीची हळद हुती." तेवढ्या वाक्यानेही त्यांना खोकला लागला.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. राहिलेल्या भागाला तीन शेक जास्त देऊन भरून काढू म्हणाले. "घरच्यांना सांगा, यंत्र बंद होतं म्हणून तीन दिवस वाढले. उगीच गोंधळ नको." व्यवस्थापनाच्या साहेबांनीही तेच सांगितलं. कागदावर सगळं बरोबर होतं. तीन दिवसांच्या रकान्यांत सह्या होत्या, बाईंच्या आणि माझ्या.

बाईंनी टेबलाशी बसून घडलेलं लिहून काढलं. पुसलेल्या रेघा, न मोजलेलं अंतर, तिन्ही दिवस. खाली दोघांची नावं लिहिली. मला वाटलं होतं, त्या माझं नाव गाळतील. नोकरी अजून कायम व्हायची होती, घरी माझ्या पगारावर बहिणीचं कॉलेज चालू होतं, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"आकडा वाचायचं काम तुझं होतं," त्या म्हणाल्या. "आज तुझं नाव गाळलं तर उद्यापासून तू दुसऱ्याच्या भरवशावर हात लावशील. माझ्या भरवशावर काय झालं ते बघितलंस ना."

तेव्हा मला फार राग आला होता. आज मी नव्या यंत्रावर काम करतो, तिथे दर वेळी आधी स्कॅन होतो आणि पडद्यावर हाडं जुळवूनच पुढे जाता येतं. तरी मी पट्टी काढतो. बरोबरचे हसतात. माझं नाव त्या कागदावर नसतं तर मी कसा तंत्रज्ञ झालो असतो, याचा विचार करायलाही मला आवडत नाही.

संध्याकाळी पोपटरावांचे थोरले भाऊ नामदेवराव आणि त्यांची आई अशी दोघं भेटायला आली. म्हातारी ताठ, नऊवारीतली, डोळे तेज. धर्मशाळेच्या ओट्यावर बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीन दिवस शेक चुकीच्या जागी दिला गेला. चूक माझी हाय. आता तीन शेक वाढवलेत."

नामदेवराव उभे राहिले. "चुकीच्या जागी म्हंजी? माणसाच्या जिवाशी खेळ लावलाय का? चुकला कसा?"

"मी मोजलं न्हाई."

"पर रोज बरोबर हुतं ना? मग ह्या तीनच दिवसांत काय झालं?"

बाई गप्प राहिल्या. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगितलं तर काय होईल हे त्यांना त्या क्षणी दिसलं असावं. मी त्यांना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती शांतता लांबली आणि शेवटी लताबाईच म्हणाल्या, "रेघा पुसल्या हुत्या, भावजी. मी परत काढल्या."

म्हातारीने मान वळवून सुनेकडे पाहिलं. नामदेवराव पुन्हा खाली बसले. बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, की रेघ कुणी काढली हा प्रश्नच नाही, मोजायचं काम माझं, पुसल्या तर वाया जाईल हे मीच खोटं सांगितलं होतं. पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

परत विभागात आल्यावर बाई दिवा न लावता बसल्या. "यंत्र बंद होतं म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "तर ती सुटली असती. माझं खरं तिच्या अंगावर गेलं, कोळपे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांशी भांडून एक बदल करून घेतला. रेघांबरोबर तीन बारीक ठिपके सुईने गोंदायचे, जे पुसताच येत नाहीत. आणि बायकांना दम देणं बंद केलं. "पुसलं तर या, परत काढू," एवढंच सांगत. लोक खरंच कमी जपू लागले आणि आमचं काम वाढलं. बाईंनी कधी तक्रार केली नाही.

पोपटरावांचे शेक पुरे झाले. महिनाभराने ते भेटायला आले तेव्हा भाताची पेज उतरत होती. लताबाई दोन पावलं मागे उभ्या होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, "घरी कसं हाय?" तर "बरं हाय" म्हणाल्या. पाचव्या महिन्यात आजार यकृतात उतरला आणि पोपटराव गेले. डॉक्टर म्हणाले, त्या तीन दिवसांचा याच्याशी संबंध नाही. बाईंनी विचारलं, "नाही, हे नक्की सांगता येतं का?" डॉक्टर म्हणाले, "नक्की असं काहीच सांगता येत नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे."

दोन दिवसांनी कोमलचा बाईंना फोन आला. ती सासरहून आली होती. "बाई, आईशी घरात कुणी बोलत न्हाई. आजी आल्या-गेल्याला सांगतीय, पेन हातात घेतला आन् माझा ल्योक घालवला. आईनं आज सकाळपासून पाणी बी घेतलं न्हाई. तुमी काईतरी सांगा ना आजीला."

बाई म्हणाल्या, "दहावा कधी हाय?"

साहेबांनी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की चारचौघांत काही बोलाल तर नोकरीवर राहता येणार नाही, प्रकरण कोर्टात गेलं तर रुग्णालयाचं नाव जाईल. बाईंनी सगळं ऐकलं आणि रजेचा अर्ज ठेवून आल्या. पुढे साहेबांनी शब्द पाळला. त्या महिन्याच्या अखेरीला बाईंना घरी बसवलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. पण हे नंतरचं.

दहाव्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. चौफुल्यावरून जीप मिळाली. बाईंनी पांढरी साडी नेसली होती, चर्चला जाताना नेसायच्या ती.

तळेगावच्या घाटावर पाच-सहाशे माणूस होतं. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं आणि मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, पाहुण्यांतले कुणी. पुढे मांडवाखाली पुरुष, आणि मागे, बाभळीच्या सावलीत, बायका. लताबाई त्या बायकांतही कडेला होत्या, त्यांच्या दोन्ही बाजूला जागा रिकामी. कोमल मागे उभी होती.

तीन भाषणं झाल्यावर बाई सरळ माइककडे गेल्या. सूत्रसंचालन करणाऱ्याला वाटलं रुग्णालयातर्फे कुणी आलंय, त्याने नाव विचारून पुकारलं.

बाई म्हणाल्या, "मी रूथ उजागरे. पोपटरावांना मी शेक देत होते. तीन दिवस मी तो चुकीच्या जागी दिला. रोज मोजायचं असतं, ते मी मोजलं नाही. रेघा पुसल्या तर उपचार वाया जातील, असं मी लताबाईंना सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्या भ्यायल्या म्हणून त्यांनी रेघा काढल्या. मी भीती घातली नसती तर त्यांनी नवऱ्याला घेऊन माझ्याकडं यायचं एवढंच केलं असतं. यात त्यांचा दोष नाही. पोपटराव कशानं गेले ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. पण दोष द्यायचाच असंल तर तो माझ्याकडं द्या. मी शिरूरची हाय, मिशनच्या आवारात कुणीबी घर दाखवील."

मांडवात कुजबुज झाली. नामदेवराव जमिनीकडे बघत होते. कुणीतरी पुरुष मोठ्याने म्हणाला, "मग केस टाका ना हिच्यावर." सूत्रसंचालकाने घाईने माइक घेतला, "आपण आल्याबद्दल आभारी आहोत," म्हणाला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

बाई खाली उतरून माझ्याजवळ आल्या. "कोळपे, मागच्या बायकांपर्यंत गेलं का?"

दोन्ही भोंगे पुरुषांच्या मांडवाकडे तोंड करून बांधलेले होते. मागे बायकांत काय ऐकू गेलं असेल, मला काहीच अंदाज नव्हता. जीपकडे लवकर निघावं असं मला वाटत होतं, लोक आमच्याकडे बघायला लागले होते.

"गेलं, बाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग मांडवाच्या कडेने, खुर्च्या आणि चपलांमधून वाट काढत त्या मागे निघाल्या. पुढचं भाषण सुरू झालं होतं. बाभळीखाली बसलेल्या बायका अंग चोरून त्यांना जागा देत होत्या. लताबाईंच्या पुढ्यातून त्या थेट म्हातारीपर्यंत गेल्या, साडी सावरली आणि तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसल्या. भोंग्यांच्या आवाजात त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. म्हातारी आधी दुसरीकडे बघत होती. बाई बोलत राहिल्या. मग म्हातारीने कानावरचा पदर मागे सारला.